टॉवर उघडण्याआधी क्लिअरन्स कसा घ्यावा

वैमानिक व्हायला इंदूरहून अमेरिकेला निघालेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तिकडे अनेक लहान विमानतळांवरचा टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण मनोरा, रात्री बंद होतो, तो सकाळी उघडतो. त्याआधी आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या भरवशावरचं उड्डाण करायचं, तर क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, सहसा फोनवर मागावा लागतो. नुसत्या नजरेने, स्वच्छ हवेत उडायचं असेल तर सहसा त्याची गरज नसते.

तयारी आदल्या रात्रीच करा. ‘चार्ट सप्लिमेंट’ हे विमानतळांच्या माहितीचं पुस्तक दर ५६ दिवसांनी नव्याने निघतं, त्यातली चालू आवृत्ती उघडा. टॉवरच्या वेळा, तो बंद असताना हवाई क्षेत्राचा वर्ग काय होतो आणि क्लिअरन्ससाठीचा फोन नंबर, हे सगळं विमानतळाच्या नोंदीत सापडतं. फ्लाइट प्लॅन निघण्याच्या निदान अर्धा तास आधी द्या, आणि वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहा.

सकाळी विमान तपासून झालं, प्रवासी बसले, की इंजिन सुरू करण्याआधी फोन लावा. नंतर धडधडीत काही ऐकू येत नाही. विमानतळ, विमानाचा क्रमांक, कुठे जायचं, कोणती धावपट्टी वापरणार आणि किती मिनिटांत निघू शकाल, एवढं सांगा. मिनिटं खरी सांगा. टॅक्सी (विमान धावपट्टीपर्यंत चालवत नेणं) आणि रन-अपला (उडण्याआधीची इंजिनाची तपासणी) दहा मिनिटं लागणार असतील तर “पाच मिनिटांत निघतो” म्हणू नका.

उत्तर भरभर येतं, पण त्याचा क्रम ठरलेला असतो: कुठपर्यंत, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, कोणती फ्रीक्वेन्सी, कोणता स्क्वॉक (रडारवर विमान ओळखू यावं म्हणून दिलेला चार आकडी कोड). कागदावर हे पाच रकाने आधीच आखून ठेवा आणि लिहिलेलं सगळं परत वाचून दाखवा. याचा सराव इथे इंदूरला घरबसल्या होतो. आईला किंवा भावाला एखादा क्लिअरन्स भरभर वाचायला सांगा आणि तुम्ही लिहून घ्या.

खरी काळजी घ्यायची ती शेवटच्या वाक्याची, म्हणजे व्हॉइड टाइमची, क्लिअरन्स रद्द होण्याच्या वेळेची. समजा यूटीसी ११:०८ ला फोन केला आणि उत्तर आलं, “क्लिअरन्स व्हॉइड इफ नॉट ऑफ बाय ११:२०.” म्हणजे ११:२० वाजण्याआधी चाकं जमिनीवरून सुटली नाहीत तर क्लिअरन्स संपला. ११:२० ला किंवा त्यानंतर तोच क्लिअरन्स धरून उडायचं नाही. घड्याळ त्याच फोनवर कंट्रोलरच्या वेळेशी जुळवून घ्या. तुमच्यासाठी त्या विमानतळाभोवतीचं आकाश राखून ठेवलेलं असतं. ढगात दुसरं कोणी उतरायला थांबलेलं असू शकतं. म्हणून निघणं जमलं नाही तर लगेच फोन करून कळवा. व्हॉइड टाइमनंतर ३० मिनिटांच्या आत कळवायलाच हवं, नाहीतर तुमचं विमान बेपत्ता समजून शोध सुरू होऊ शकतो. “होल्ड फॉर रिलीज” असं सांगितलं असेल तर मार्ग मिळाला आहे, निघायची परवानगी अजून मिळालेली नाही. रिलीज मिळेपर्यंत थांबा.

फोन लागत नसेल तर काही ठिकाणी जमिनीवरूनच रेडिओवर अप्रोच किंवा सेंटर (आसपासचं आकाश सांभाळणारी नियंत्रण केंद्रं) मिळतं, तेही चार्ट सप्लिमेंटमध्ये पाहून ठेवा. नजरेने उडून वर गेल्यावर क्लिअरन्स घ्यायची पद्धतही आहे. पण अंधारात किंवा ढग खाली असताना नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर गेल्यावर क्लिअरन्स लगेच मिळेलच असं नाही, आणि तोवर डोंगर-मनोऱ्यांपासून दूर राहणं सर्वस्वी तुमच्यावर असतं. चार्टवर काळ्या त्रिकोणात ‘टी’ दिसला तर त्या विमानतळाची निर्गमन-पद्धत आधी वाचून घ्या.

टॉवर बंद असताना बहुतेक ठिकाणी त्याचीच फ्रीक्वेन्सी सगळ्यांची सामाईक होते. टॅक्सी करताना आणि धावपट्टीवर शिरण्याआधी तिच्यावर स्वतःची घोषणा करा. जिथे दिवे वैमानिकाच्या हाती असतात, तिथे पाच सेकंदांत माइकचं बटण सात वेळा दाबलं की ते पूर्ण प्रखर होतात. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) स्क्वॉक टाकला आहे ना, घड्याळात किती वाजले, हे पाहूनच थ्रॉटल पुढे करा. वर पोचल्यावर दिलेल्या फ्रीक्वेन्सीवर हाक द्या.