अँब्युलन्सचा नकाशा करताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या आरोग्यसेवेचा कुठलाही नवा नकाशा उघडला की तीच चूक समोर येते. दवाखान्याभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतल्या सगळ्यांना सेवा मिळते असं धरायचं. अहो, मध्ये खाडी आहे, रेल्वे आहे! कळव्याहून ठाण्यात यायला पूलच गाठावा लागतो.

वर्तुळाऐवजी रस्त्यांचं जाळं वापरलं म्हणून सुटलो, असंही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका नव्या मुलाने दिवा स्टेशनच्या पश्चिमेला अँब्युलन्स उभी करायची ठरवली. सॉफ्टवेअरने पूर्वेला पोचायला चार मिनिटं दाखवली, कारण नकाशात रस्ता रुळांवरून सरळ पलीकडे जात होता. प्रत्यक्षात तिथे फाटक होतं. सकाळी साडेआठला त्याला रिक्षात घालून तिथे नेलं. लोकल गेली, मागून मेल आली. फाटक उघडलं तर दोन्हीकडच्या रिक्षा आणि बाइक मधोमध अडकल्या. अकरा मिनिटं झाली, आम्ही फाटकाच्या अलीकडच्याच बाजूला. मुलगा काही बोलला नाही. परत येऊन त्याने पूर्वेसाठी वेगळी गाडी धरली.

तेव्हापासून मी नकाशात ‘अडथळे’ नावाचा वेगळा लेअर, म्हणजे माहितीचा थर, ठेवतो. फाटक, वन-वे, बाजाराचा दिवस, सगळं त्यात, आणि प्रत्येकापुढे वाया जाणारी मिनिटं. वेळही तीनदा धरतो: सकाळी नऊ, संध्याकाळी सात, रात्री दोन. घोडबंदर रोडचा सरासरी वेळ काढून काय उपयोग? पेशंटला सरासरी वेळी त्रास होत नाही. मी तिन्हींतला सर्वांत वाईट वेळ घेतो.

बफर, म्हणजे ठिकाणाभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा, अक्षांश-रेखांशाच्या अंशांत काढू नका. ठाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ उत्तर (कोड ईपीएसजी ३२६४३) ही मीटरमध्ये चालणारी नकाशा-पद्धत लावा, मग मीटरमध्ये मोजा.

अक्षांश-रेखांश उलटे पडले तर कळवा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. फाइल टाकल्यावर आधी ठिपके डोळ्यांनी बघा.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, म्हणजे महापालिका हद्दीत सुमारे १८.४ लाख. त्यानंतर घोडबंदर पट्ट्यात किती टॉवर उभे राहिले! मी नव्या इमारतींचे मजले मोजून अंदाज बांधतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळणाऱ्याचा नकाशा मला नको.

‘शिवाजीनगर’ एवढ्याच पत्त्यावर ठिपका टाकू नका. कुठलं शिवाजीनगर?

आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली की घड्याळ थांबवू नका. लोकमान्यनगरसारख्या दाट वस्तीत कित्येक गल्ल्यांत गाडी शिरत नाही. पुढे स्ट्रेचर हातावर न्यायचं. चाळीच्या अरुंद जिन्यात तेही वळत नाही, मग पेशंटला खुर्चीत बसवून दोघं जण खाली आणतात. ही मिनिटं कुठल्याच डेटात मिळत नाहीत. मी ती गल्ली स्वतः चालतो आणि लागलेला वेळ घरी यायच्या आत नकाशात भरतो.