सोयाबीन: तिफण काढायच्या आधी शंभर दाणे गोणपाटात टाका

मृग तोंडावर आलाय आणि गावात एकच चौकशी चालू, सोयाबीन बियाण्याची बॅग कितीला भेटतेय. अहो बॅगचं नंतर बघू, घरात पोत्यात जे सोयाबीन पडलंय ते उगवतंय का ते बघितलं का कोणी? दरवर्षी तेच पाहतोय, रान तयार, खत टाकलेलं, ओल चांगली, आणि आठव्या दिवशी तासात (पेरलेल्या ओळीत) नुसत्या नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा. मग दुबार पेरणी आणि शिव्या पावसाला.

सोयाबीनचं वाण सरळ असतं, म्हणजे संकरित नाही, एकदा चांगलं बी आणलं की तीन वर्षं घरचंच चालतं, दरसाल बॅग घ्यायची गरजच नाही (दुकानदार हे सांगणार नाही). पण दाण्याची साल फार पातळ. काढणीत पाऊस लागला, थ्रेशर जोरात फिरवलं, पोती वरून आपटली की दाणा दिसायला चकचकीत अन आतून मेलेला.

म्हणून पोत्याच्या वरून, मधून, तळातून हात घालून दाणे घ्या आणि निवडू नका, टपोरे तेवढे वेचून टेस्ट केली तर स्वतःलाच फसवताय. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी निरोगी मोड तेवढेच मोजा, सडके-तुटके धरू नका. ७० आले तर एकरी ३० किलो, ६० आले तर ३५ किलो, त्याच्या खाली आलं तर सरळ मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) विका. माझा आपला अंदाज, गोणपाटात मोड उशिरा अन बारीक आले तर आकडा ७० असला तरी रानात ते दम धरत नाही, बी थोडं वाढवाच.

बाकीचं नेहमीचं:
- पाऊस ७५ ते १०० मिमी झाल्यावरच पेरणी, वीतभर उकरून ओल बघा
- खोली ३-४ सेंमी, जास्त नको
- थायरम (बुरशीनाशक) किलोला ३ ग्रॅम बियाण्याला, आधी
- रायझोबियम (नत्र देणारं) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं) ही जिवाणू खतं १० किलोला २५०-२५० ग्रॅम, शेवटी, सावलीत सुकवून, बी चोळू नका

अख्खं रान सोयाबीनला देऊ नका हो. चार तासांमागे दोन तास तुरीचे, घरच्या डाळीपुरते मूग-उडीद, कडबा लागतो तर थोडी ज्वारी. पावसानं दडी मारली तर तूर तरी हातात राहते. त्यांचंही बी गोणपाटात टाका.

बॅग घ्यावीच लागली तर सोबत लिंकिंगमध्ये (बॅगेबरोबर जबरदस्तीनं गळ्यात मारलेली) येणारी टॉनिकची बाटली घेऊ नका. पक्कं बिल घ्या, बॅग टॅगच्या बाजूनं न फोडता खालून फोडा, टॅग, बॅग अन मूठभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, रान मोडायच्या आधी, कारण पंचनामा उभ्या तासावर होतो.