इंग्रजीत ‘खूप मोठं’ कसं म्हणायचं?

मराठीतला ‘मोठा’ हा शब्द भलताच सोशिक आहे. भाऊ मोठा, चूक मोठी, आवाज मोठा, पाऊस मोठा आणि मनही मोठंच. इंग्रजीत मात्र आवाज ‘लाउड’ होतो, पाऊस ‘हेवी’ होतो, थोर माणूस ‘ग्रेट’ ठरतो. सगळीकडे ‘बिग’ चिकटवून भागत नाही, आणि जोर यावा म्हणून ‘व्हेरी व्हेरी बिग’ लिहिलं की वाक्य शाळकरी वाटतं. शब्दकोशातून डझनभर समानार्थी शब्द पाठ करण्यातही फारसा अर्थ नाही, कारण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वस्तू किती मोठी आहे यापेक्षा ती कशी मोठी आहे, यावर शब्द ठरतो.

पायरी १ : आधी ‘बिग’ आणि ‘लार्ज’ वेगळे करा

संख्या, प्रमाण, रक्कम, मापं यांना ‘लार्ज’ शोभतं: लार्ज नंबर, लार्ज अमाउंट. चूक, निर्णय, महत्त्वाचा दिवस यांना ‘बिग’ लागतं. ‘लार्ज मिस्टेक’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. अडचण, काळजी, आनंद अशा न दिसणाऱ्या गोष्टी असतील तर ‘ग्रेट’: ग्रेट डिफिकल्टी, ग्रेट केअर. या जोड्या नियमाने येत नाहीत, वाचताना टिपून ठेवाव्या लागतात.

पायरी २ : मोठेपणाची दिशा ओळखा

खरी गंमत इथे आहे. ‘व्हास्ट’ म्हणजे आडवं पसरलेलं, आपलं ‘विस्तीर्ण’ किंवा ‘अफाट’. वाळवंट, समुद्र, मैदान, आकाश यांना ते चपखल बसतं. हत्ती कितीही मोठा असला तरी तो ‘व्हास्ट’ नसतो. बहुसंख्य म्हणायचं असेल तेव्हाही हाच शब्द येतो: ‘द व्हास्ट मेजॉरिटी’.

‘मॅसिव्ह’मध्ये वजन आहे. कातळ, खांब, जाड भिंत, जे हलता हलत नाही ते मॅसिव्ह. बोलण्यात हा शब्द हल्ली कशालाही लावतात आणि त्यामुळे तो थोडा गुळगुळीत झालाय. हृदयविकाराचा तीव्र झटकाही मॅसिव्हच.

‘इमेन्स’चं मूळ लॅटिन आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘न मोजलेलं’. म्हणून दडपण, दिलासा, समाधान अशा मापात न मावणाऱ्या गोष्टींशी त्याचं जास्त जमतं. उंचीसाठी ‘टॉवरिंग’, आतून पोकळ आणि प्रशस्त जागेसाठी ‘कॅव्हर्नस’, वेडंवाकडं पसरत गेलेल्या शहरासाठी ‘स्प्रॉलिंग’. दिशा अशी ठरवता येत नसेल तर ‘ह्यूज’ किंवा ‘इनॉर्मस’ घ्या, ते सगळीकडे चालतात.

काही शब्दांच्या मागे चक्क एखादी वस्तू किंवा प्राणी उभा असतो. ऱ्होड्स बेटावर सूर्यदेवाचा कांस्य पुतळा होता, सुमारे ३३ मीटर उंच. इसवी सनपूर्व २८०च्या आसपास तो पूर्ण झाला आणि पुढे भूकंपात कोसळला. त्याच्या ‘कोलॉसस’ या नावाशी ‘कलॉसल’ जोडलेला आहे. आज तो पुतळ्यापेक्षा फसलेल्या गोष्टींनाच जास्त लागतो: कलॉसल फेल्युअर, कलॉसल वेस्ट. ‘मॅमथ’ नामशेष झालेल्या केसाळ हत्तीवरून आला आणि मुख्यतः कामाला चिकटला: मॅमथ टास्क. ‘जंबो’ हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका हत्तीचं नाव. १८८२मध्ये त्याला अमेरिकेतल्या सर्कसवाल्याने विकत घेतलं आणि त्याच्या प्रसिद्धीबरोबर शब्दही पसरला. आता तो पाकिटांच्या मापात आणि विमानाच्या टोपणनावात दिसतो. गंभीर लेखनात मात्र टाळलेला बरा.

पायरी ३ : ‘व्हेरी’ काढून टाका

‘ह्यूज’ म्हणजेच ‘व्हेरी बिग’. त्यात ‘व्हेरी’ आधीच मुरलेलं आहे. त्यामुळे ‘व्हेरी ह्यूज’, ‘व्हेरी इनॉर्मस’ लिहू नये. जोर हवाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्युटली ह्यूज’ म्हणा. ‘रिअली’ मात्र ‘बिग’ आणि ‘ह्यूज’ दोन्हींआधी चालतं. तुलना करतानाही या शब्दांना ताणू नका. ‘मोअर इनॉर्मस’ऐवजी ‘ईव्हन बिगर’ सरळ आणि बरोबर.

पायरी ४ : कोणासमोर बोलताय ते बघा

‘ह्यूमंगस’ आणि ‘जायनॉर्मस’ हे गप्पांचे शब्द. दुसरा तर ‘जायगॅन्टिक’ आणि ‘इनॉर्मस’ यांची मोडतोड करून जुळवलेला. २००७ साली तो मेरियम-वेबस्टरच्या कोशातही शिरला, तरी अर्जात किंवा अहवालात त्याला जागा नाही. तिथे ‘सब्स्टॅन्शियल’, ‘कन्सिडरेबल’ असे संयमी शब्द घ्यावेत. ‘व्हॉपिंग’ आकड्याआधी येतो, अ व्हॉपिंग सिक्स्टी पर्सेंट, आणि त्यात ‘बघा तरी!’ असा सूर असतो. जाता जाता: ‘जायगॅन्टिक’चा उच्चार ‘गिगँटिक’ नाही, आणि जोर मधल्या ‘गॅन’वर.

पायरी ५ : एक वाक्य घेऊन शब्द लावून बघा

२३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. आता ‘अ व्हेरी बिग शिप ब्लॉक्ड द कनॅल’ हे वाक्य सुधारू. ‘व्हास्ट शिप’ बसत नाही, जहाज मैदानासारखं पसरलेलं नसतं. ‘जायगॅन्टिक’ चुकीचं नाही, पण राक्षसाच्या गोष्टीतला वाटतो. ‘कलॉसल’ला अकारण नाट्य येतं. ‘मॅसिव्ह’ लावलं की वजन आणि न हलणं दोन्ही आलं, आणि बातमी तीच होती. मागे खोळंबलेल्या जहाजांसाठी ‘अ लार्ज नंबर’, नुकसानासाठी ‘इनॉर्मस’, सुटका करणाऱ्यांवरच्या दडपणासाठी ‘इमेन्स’. चार ठिकाणी चार शब्द, प्रत्येक आपापल्या जागी चपखल.

माझ्या मते, माप माहीत असेल तर अशा विशेषणाऐवजी तेच लिहावं. जहाज सुमारे ४०० मीटर लांब होतं, म्हणून ‘अ फोर-हंड्रेड-मीटर-लाँग शिप’. अशा जोडशब्दात ‘मीटर’ला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. विशेषणं एकापुढे एक आली तर आकार आधी, मग वय, मग रंग, मग पदार्थ: अ ह्यूज ओल्ड वुडन डोअर.

क्रियाविशेषणांची तऱ्हा वेगळी. फरक दाखवताना ‘व्हास्टली डिफरंट’, लोकप्रियतेसाठी ‘इमेन्सली पॉप्युलर’, उपयोगासाठी ‘इनॉर्मसली हेल्पफुल’.

‘इनॉर्मस’चं नाम करताना मात्र सावध राहा. ‘इनॉर्मिटी’ अनेक जण आकारासाठी वापरतात, पण काटेकोर इंग्रजीत त्याचा अर्थ घोर दुष्कृत्य किंवा त्याची भीषणता असा होतो: ‘द इनॉर्मिटी ऑफ द क्राइम’. एखाद्या इमारतीचं कौतुक करताना हा शब्द टाळून ‘द शीअर साइझ ऑफ द बिल्डिंग’ लिहावं.