मुलांना मालवण दाखवायचंय? आधी तिथी बघा

पुण्या-मुंबईकडून कुणा ओळखीच्यांचा फोन येतो, "बाई, सुट्टीत मुलांना घेऊन येतोय, काय काय दाखवू?" माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या तिथीला येताय? तारीख सगळ्यांना पाठ असते, तिथी कुणालाच सांगता येत नाही. मालवण मात्र तिथीवर चालतं.

मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. माझे बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे. पहाटे अंगणात उभे राहून आईला विचारायचे, "आज तिथ खयची गो?" घड्याळ घरात होतं, पण ते आमच्या शाळेसाठी. असं असूनही नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला पद्मगड, ओहोटीला चालत जाता येणारा छोटा किल्ला, दाखवायला निघाले, तेव्हा पंचांग उघडलं नाही. शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून अकराला दांडीच्या किनाऱ्यावर पोचलो. नेमकी पौर्णिमा. पद्मगडाची वाट पाण्याखाली, आणि चाळीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला. तेव्हापासून जे काटेकोरपणे करत आले, ते इथे लिहिते.

भरतीचा हिशोब असा. तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड वाजता. हा हिशोब मुंबईला बरोबर बसतो; आमच्याकडे पाणी थोडं आधी भरतं, म्हणून अर्धा तास अलीकडे धरा, म्हणजे एक. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. याचा अर्थ द्वितीयेला सकाळी सातच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. हा ढोबळ आडाखा आहे. मुलांना पाण्यात उतरवण्याआधी छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या आणि दांडीवरच्या एखाद्या मच्छीमाराला विचारा.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी जागचं फारसं हलत नाही. म्हणून मी नेहमी द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ निवडते: उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी उजाडल्यावर मिळते. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी.

त्या सकाळी साडेसहाला दांडीवर उतरा. पायांत पट्ट्याच्या जुन्या चपला हव्यात, अनवाणी नको. खडकांना कालवांचे शिंपले चिकटलेले असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. एका मुलाची टाच चिरली होती, तेव्हापासून चपलांशिवाय मी कुणाला नेलं नाही. पद्मगडाकडे जाणारी वाळू-खडकांची वाट उघडी पडलेली दिसेल. चालताना मुलांना एकच काम द्या: खडकावर ओली रेघ कुठे संपते आणि कोरडी कुठे सुरू होते ते बघा. तिथवर रात्रीच्या भरतीचं पाणी होतं. ती रेघ आपल्या डोक्याच्या वर आहे हे मुलांच्या लक्षात येतं तो क्षण मला फार आवडतो. खळग्यांतल्या पाण्यात खेकडे, शंख, बारके मासे दिसतील. दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा. पोवळी तोडायची नाहीत. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ओहोटी पूर्ण झाली की परत फिरा, "अजून पाच मिनिटं" कुणालाही देऊ नका.

याच वेळी खडकांवर बायका दिसतील, टोकदार लोखंडी अवजाराने कालवं फोडून भांड्यात काढणाऱ्या. त्यांच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. एक कालव म्हणजे नखाएवढा मऊ तुकडा. वाटीभर व्हायला किती वेळा हात चालवावा लागतो ते मुलांनी मोजावं. पाणी चढायला लागलं की त्यांचं काम संपलं, मग भांडं भरलेलं असो वा नसो.

नशिबात असेल तर रापण मिळेल. होडी किनाऱ्यावरून जाळं सोडत समुद्रात जाते, अर्धगोल फिरून दुसरीकडे किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा दोर ओढायला लागतात. तासाच्या वर चालतं हे. मागे सरकत सरकत ओढायचं, रांगेच्या शेवटी पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे पुढे जायचं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे येतात. शेवटी जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात येतो आणि पाणी खदखदल्यासारखं दिसतं. बांगडे, तारल्या, पेडवे, मधेच एखादी चुकार सुरमई. कुणीतरी ओरडतं, "हात लावा रे पोरांनू!" तेव्हा मुलांना खुशाल दोराला लावा, पण आधी विचारा, आणि जाळ्यावर पाय देऊ नका. मासळी विकून आलेल्या पैशांचे वाटे पडतात: ओढणाऱ्यांचे, शिवाय होडीचा आणि जाळ्याचा. दोराला हात लावणाऱ्याला चार बांगडे मिळतातच. माझ्या मते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला सहकाराचा धडा इथे वाळूत शिकवावा. हल्ली रापणी कमी झाल्यात. यांत्रिक बोटी माशांचे थवे किनाऱ्याला यायच्या आधीच उचलतात, हे दुखणं इथे कुणालाही विचारलंत तरी ऐकायला मिळेल.

बांगडा पावसाळ्यानंतरच इतका का येतो, हे मुलं विचारतातच. उत्तर सोपं करून सांगा: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचं गार, पोषक पाणी वर येतं, नद्याही गाळ आणतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यामागे मासळी येते. आम्हाला घरात कोंडणारा पाऊस पुढच्या आठ महिन्यांचं जेवण शिजवत असतो.

दुपारी उन्हात फिरवू नका. घरी बसून एक प्रयोग करा. ग्लासात अर्धं समुद्राचं पाणी घ्या. हळदीने रंगवलेलं गोडं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. ते वर तरंगत राहील. मग देवबागला जा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तरी विहिरींना गोडं पाणी. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यावर ग्लासातल्यासारखं तरंगतं. उपसा वाढला की खालचं खारं वर येतं. पाहुण्यांसाठी खोल्या वाढल्या, पंप वाढले, आणि काही विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागलं. पर्यटनावर आता कितीतरी घरं चालतात, माझ्या भाचीचंही. म्हणूनच बादलीभर पाण्यात आंघोळ करायला मुलांना इथेच शिकवा. सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आवर्जून दाखवा. 1664 साली कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी झाली; चहूकडे खारं पाणी असताना आत प्यायला गोडं मिळालं, म्हणून तिथे शिबंदी राहू शकली.

चारच्या पुढे पुन्हा किनाऱ्यावर या आणि रुमाल हातात धरून वाऱ्याची दिशा बघा. खारे वारे समुद्राकडून येतात. पहाटे पाहिलं असेल तर उलट, मतलई वारे जमिनीकडून. शिडाच्या होड्या मतलई वाऱ्यावर बाहेर जायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. बाबांचं इंधन तेच होतं.

बोटी आल्या की बंदराजवळ लिलाव लागतो. मुलांना पुढे घुसवू नका, मासळीवाल्या बायकांच्या मागे उभं करा. त्या बोली कशी वाढवतात, कुठे थांबतात, ते ऐका. मग त्यांच्यापैकीच कुणाकडून बांगडे घ्या. डोळे तकतकीत हवेत, कल्ले लाल हवेत, दाबल्यावर खड्डा राहायला नको. घासाघीस फार करू नका. सकाळची ती दोराची रांग आठवा.

जून-जुलैत येणार असाल तर यातलं बरंचसं मिळणार नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. पण तेव्हा दांडीच्या ओसऱ्यांवर जाळी दुरुस्त करणारी माणसं बसलेली असतात. परवानगी घेऊन शेजारी बसा आणि एक गाठ मारायला शिका. पहिल्या दहा सुटतील.