आकाशातले चाचे लिहायचे तर आधी वजनाचा हिशेब

आकाशात चाचेगिरी करणाऱ्यांची गोष्ट कुणी वाचायला दिली की मी आधी धाडीचं पान काढतो आणि एकच गोष्ट शोधतो. दहा माणसं एका नौकेवरून दुसरीवर गेली, तेव्हा दोन्ही नौकांचं काय झालं? बहुतेक हस्तलिखितांत काहीच होत नाही. माणसं दोराला लोंबकळत जातात, तलवारी खणखणतात, पेट्या इकडून तिकडे जातात आणि दोन्ही नौका शेजारशेजारच्या गच्च्यांसारख्या जागच्या जागी. तिथे माझा विश्वास उडतो आणि पुढची सगळी वर्णनं, कितीही झोकदार असली तरी, फुकट जातात.

हे खूळ नोकरीतून आलंय. विमानात माल चढवायच्या खात्यात मी लोडशीट बनवायचो. कुठल्या कप्प्यात किती किलो, इंधन किती, गुरुत्वमध्य कुठे सरकला, सगळं एका कागदावर. दार बंद व्हायच्या बेतात कुणी दोन प्रवासी आणून उभे केले तर त्यांच्यासाठी कागदाच्या तळाशी वेगळी चौकट असे, ‘एलएमसी’ म्हणजे लास्ट मिनिट चेंज. चाच्यांची धाड हा माझ्या मते सगळ्यात मोठा एलएमसी. लेखकाने तो कागदावर मांडला की निम्मं कथानक त्यातूनच निघतं.

जेट विमानं सोडून द्या

आजचं प्रवासी विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास, 10-11 किलोमीटर उंचीवरून जातं. बाहेर उणे पन्नास अंश, हवा विरळ, आणि आतल्या दाबामुळे दार उघडता उघडत नाही. त्यावर बाहेरून चढायचं म्हणजे निव्वळ थाप. मग लेखक काय करतात, तर चाच्यांना तिकीट काढून आत बसवतात. ते अपहरण झालं. नोव्हेंबर 1971 मध्ये अमेरिकेत एका माणसाने असंच केलं. 2 लाख डॉलर खंडणी घेऊन बोइंग 727 च्या मागच्या जिन्यावरून पॅराशूट बांधून त्याने उडी मारली, आणि तो कोण होता हे आजतागायत कळलेलं नाही. गोष्ट झकास आहे, पण चाचेगिरीची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातलं 101 वं कलम वाचा. चाचेगिरीच्या व्याख्येत तिथे खासगी जहाजाच्या जोडीला खासगी विमानही घातलेलं आहे! म्हणजे कायद्याने आकाशातल्या चाच्यांची सोय आधीच करून ठेवली आहे. त्यातली एक अट अशी की एकातून निघून दुसऱ्यावर हल्ला झाला पाहिजे. दोन वाहनं हवीत. गोष्टीतही हीच अट पाळा, कारण दोन वाहनं जवळ येण्यातच सगळी गंमत आहे.

जवळ येण्यात वेगाची अडचण नसते, वेगातल्या फरकाची असते. 27 जून 1923 रोजी अमेरिकी सैन्याच्या दोन विमानांनी उडता उडता एकातून दुसऱ्यात नळीने पेट्रोल भरलं. त्या काळात एका विमानाच्या पंखावरून दुसऱ्यावर जाणारे कसरतपटू जत्रा गाजवत होते. दोघांचा वेग सारखा, म्हणून जमलं. पण माल लुटायचा तर तासभर सारखं उडायला हवं, आणि त्यासाठी गॅसवर तरंगणाऱ्या एअरशिपला तोड नाही. ती थांबू शकते. पहिल्या महायुद्धात, 23 एप्रिल 1917 रोजी, जर्मन नौदलाच्या एल 23 या झेपेलिनने, म्हणजे आत सांगाडा असलेल्या एअरशिपने, उत्तर समुद्रात ‘रॉयल’ नावाचं नॉर्वेचं शिडाचं जहाज गाठलं, त्यावर आपली माणसं उतरवली आणि लाकडाने भरलेलं ते जहाज जर्मनीला नेलं. युद्धातली जप्ती म्हणून कायद्याने ती चाचेगिरी नाही, पण पद्धत हुबेहूब तीच. कुणी म्हणालं ‘असं कधी घडेल का’, तर हे उदाहरण पुढे करा.

हिशेब

हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. समुद्रसपाटीला एक घनमीटर हायड्रोजन साधारण 1.1 किलो उचलतो, हेलियम एक किलोला थोडा वर. ‘ग्राफ झेपेलिन’ या जर्मन एअरशिपमध्ये 1,05,000 घनमीटर गॅस मावायचा आणि ते 236 मीटर लांब होतं. एवढ्या अवाढव्य धुडात सांगाडा, इंजिनं, इंधन यांचं वजन वजा केलं की मालासाठी उरतं ते थोडकंच. त्यामुळे तुमच्या चाच्यांच्या नौकेवर लोखंडी तोफांची रांग असेल तर ती खोडा.

वर जावं तशी हवा विरळ होते. गॅसच्या पिशव्या भरलेल्या असतील तर दर 100 मीटरला उचल जवळपास एक टक्क्याने घटते, आणि फुगलेला गॅस झडपेतून सोडावा लागतो. तो गेला तो गेला. खाली यायचं तर गॅस सोडायचा, वर जायचं तर नीरम म्हणून, म्हणजे हवं तेव्हा टाकून द्यायचं वजन म्हणून, नेलेलं पाणी ओतायचं. दोन्ही गोष्टी मोजक्याच. म्हणजे नौका दिवसभर वरखाली करत राहिली तर संध्याकाळी तिच्याकडे ना गॅस उरेल ना पाणी. पाठलागाचं प्रकरण लिहिताना वेगापेक्षा हा खर्च दाखवा. कप्तान पाण्याच्या मापाकडे बघतो आहे, अजून दोनदाच वर जाता येईल, आणि समोरच्याचीही तीच गत आहे. तोफांच्या आवाजापेक्षा यात जास्त ताण आहे.

इंधन जळतं तसतशी नौका हलकी होते, हेही विसरू नका. ग्राफ झेपेलिनने यावर नामी तोड काढली होती. इंजिनांना जवळजवळ हवेच्याच घनतेचा जळाऊ गॅस दिला, म्हणजे तो संपला तरी वजन बदलत नाही. हेलियम महाग, तो सोडून देणं परवडत नाही, म्हणून अमेरिकेच्या एअरशिपने, ‘अ‍ॅक्रॉन’ने दुसरा मार्ग धरला, इंजिनाच्या धुरातलं पाणी गोळा करून नीरमात घालायचं. तुमच्या गोष्टीत असा एखादा यांत्रिक असला की तो कप्तानाइतकाच मोलाचा. त्याला पळवून नेण्यावरच एक प्रकरण होईल.

गाठायचं कुठे

1000 मीटर उंचीवरून क्षितिज शंभर किलोमीटरहून लांब असतं. स्वच्छ हवेत सावज तुम्हाला तासभर आधी बघेल आणि वाट बदलेल. समुद्रातले चाचे मलाक्काच्या किंवा बाब-अल-मांदेबच्या सामुद्रधुनीत दबा धरतात, कारण तिथून गेल्याशिवाय जहाजांना गत्यंतर नसतं. आकाशात अशी चिंचोळी वाट कुठली? लेखक इथे ‘वादळांचा पट्टा’ वगैरे काढतात. गरज नाही. हिशेबाकडे बघा. समुद्रसपाटीला 100 टन उचलणारी नौका 2000 मीटरवर 82 टनच उचलते. म्हणजे मालाने लादलेली नौका डोंगररांगेवरून जाऊच शकत नाही, तिला खिंडीतूनच जावं लागतं. रिकामे चाचे मात्र वर, कड्याच्या आड, ढगात.

ढगातून खालचं दिसणार कसं, याचं उत्तर पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिनांनी दिलंय. एक माणूस बसेल एवढी पिंजऱ्यासारखी गाडी शेकडो मीटर लांब तारेने ढगाखाली सोडायची, तो टेलिफोनवरून वर सांगणार. नौका ढगात अदृश्य, खाली एक ठिपका. त्या ठिपक्यात कोण बसतं? नवखा पोरगा बसतो, आणि तार तोडायची कुऱ्हाड वरच्यांच्या हातात असते. या एका जागेवरून मी अख्खी कादंबरी सुरू केली असती.

धाड

आता मघाचं लास्ट मिनिट चेंज. धरा, चाच्यांची नौका 20,000 घनमीटरची आहे, एकूण उचल 22 टन. दहा जण हत्यारांसकट उडी मारून गेले, 800 किलो. नौका साडेतीन टक्के हलकी झाली. पिशव्या भरलेल्या असतील तर ती साडेतीनशे मीटर वर जाऊन थांबेल, अर्धवट भरलेल्या असतील तर त्याहून वर. दोर तुटले, दहा जण मागे राहिले. आणि सावज? त्यावर 800 किलो चढले. ते खाली जाऊ लागतं, आणि इथे खरी मेख आहे. खाली जाताना ते आपोआप थांबत नाही. दाट हवेत गॅस आकुंचन पावतो, उचल तेवढीच राहते, वजन जास्तच, म्हणून कुणी पाणी ओतलं नाही किंवा इंजिनाच्या जोरावर नाक वर धरलं नाही, तर जमीन येईपर्यंत ते उतरतच राहणार.

अनुभवी चाचे हे जाणून असतील. म्हणून त्यांचा एक नियम असला पाहिजे: एक जाईल, तर एक येईल. आपला माणूस तिकडे गेला की त्यांचा खलाशी इकडे. वजन सारखं राहतं, आणि तुमच्या नौकेवर दहा ओलीस आपोआप जमा होतात. ओलिसांमागे चाच्यांचं क्रौर्य दाखवायची गरजच पडत नाही, तराजूनेच ते ठरवलेलं असतं. आता या नियमात माणसं घाला. शंभर किलोच्या आडव्या सरदाराच्या बदल्यात दोन पोरं मागितली जातात. नऊ गेले आणि आठच आले. सावजाच्या कप्तानाने मुद्दाम हलका माणूस पाठवला. तीन वाक्यांत तीन प्रसंग झाले, आणि एकही तलवार उपसलेली नाही.

लुटीचंही तसंच. दोन टन माल घ्यायचा असेल तर आधी दोन टन पाणी ओतायची तयारी ठेवा, आणि माल गेल्यावर सावज वर उसळणार, हेही लिहा. ते उसळलं की गॅस जाणार. पुढे सूर्य मावळला, गॅस थंड झाला, उचल घटली, की तेच जहाज रात्री जड होऊन खाली येणार. लूट दुपारी, मरण रात्री. तुमच्या चाच्यांना हे ठाऊक आहे का, आणि असेल तर ते सावजासाठी पाणी ठेवून जातात का, यावरून ते कसले लोक आहेत ते वाचकाला कळतं.

प्रसंग लिहायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा. माणूस, पेटी, पाणी, गॅस, काहीही इकडून तिकडे गेलं की दोन्हीकडे आकडा बदला. पुढे-मागे कुठे ठेवलं तेही लिहा. ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन एअरशिप शेवटची उतरत असताना शेपूट जड वाटली म्हणून सहा माणसांना नाकाकडे पाठवलं होतं. तेवढी मोठी नौका, आणि तोल साधायला सहा माणसं.

हत्यारांबद्दल थोडक्यात. साध्या गोळीने एअरशिप पडत नाही, भोक पडतं आणि गॅस सावकाश गळतो. 1916 मध्ये ब्रिटिशांनी स्फोटक आणि आग लावणाऱ्या गोळ्या एकत्र वापरायला सुरुवात केली तेव्हा ती पेटू लागली. पण चाच्याला सावज पेटवून काय मिळणार? आणि आपली हायड्रोजनची नौका बाजूलाच बांधलेली. प्रवाशांच्या काड्यापेट्या जिथे चढतानाच काढून घेत, तिथे बंदूक कुणी झाडणार नाही. हत्यार धारेचं, जोडे नाळ नसलेले.

माल आणि गिऱ्हाईक

आकाशातून कुणी माल पाठवेलच का? जिथे रस्ता नाही तिथे पाठवेल. 1930 च्या दशकात न्यू गिनीतल्या बुलोलोच्या सोन्याच्या खाणीसाठी नदी उपसायची अजस्र यंत्रं सुटी करून युंकर्स विमानांनी डोंगरापलीकडे नेली, कारण मध्ये जंगल होतं. असा प्रदेश रचा. सोनं लुटायचं तर ध्यानात ठेवा, एक टन सोनं म्हणजे जेमतेम 37 सेंटिमीटरचा ठोकळा. जागा लागत नाही, वजन मात्र पुरेपूर.

लुटीपेक्षा परवान्यात जास्त पैसा आणि कमी जोखीम. कान्होजी आंग्रे यांच्या समुद्रात व्यापारी जहाजांना त्यांचं दस्तक घ्यावं लागे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, मराठी राज्यात ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. खिंडीवर बसलेला तुमचा माणूस कोण, हे कुणाच्या बखरीत लिहिलंय त्यावर ठरेल. दोन्ही बखरी गोष्टीत येऊ द्या.

अड्डा

अड्डा म्हणून एक गुहा दाखवून लेखक मोकळे होतात. एअरशिप गुहेत शिरत नाही, वारा तिला कड्यावर आपटतो. उतरवायला जमिनीवर माणसांची फौज लागते. मे 1932 मध्ये कॅलिफोर्नियात ‘अ‍ॅक्रॉन’ला धरताना ती अचानक वर उसळली, दोर न सोडलेले तिघे वर गेले, त्यांतले दोघे पडून मेले. म्हणजे अड्ड्याला गाव हवं. गुपित राखणारं, दोर धरायला धावणारं, लुटीत वाटा मागणारं. सोबत एक तळं हवं. झेपेलिनची पहिली नौका 1900 मध्ये कॉन्स्टन्स सरोवरावरच्या तरंगत्या शेडमधून निघाली, ती शेड वाऱ्याच्या दिशेने फिरत असे. तळ्यातून नीरमाचं पाणीही मिळतं. राहिला गॅस. लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल यांपासून फुग्यांसाठी हायड्रोजन 1783 पासून बनतोय, पण हजारो घनमीटरसाठी आम्ल गाड्या भरभरून लागतं, आणि कुठल्याही शहाण्या राज्याचा गुप्तहेर आधी आम्लाच्या व्यापाऱ्याच्या वह्या तपासेल.

तुमच्या जगात गॅसऐवजी तरंगते दगड असतील, मंत्र असतील, तरी चालेल. फक्त त्यांना तीन प्रश्न विचारा. उंचीबरोबर उचल घटते का? खाली यायला काय खर्चावं लागतं? आणि दगड फुटला तर त्याच्या तुकड्यांची उचल मिळून तेवढीच राहते का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमचे चाचे सोनं लुटणार नाहीत. ते नौकेच्या पोटातले दगडच उपसून नेतील.