‘वय झालं, चालायचंच’ म्हणण्याआधी या चुका टाळा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नैराश्यात सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते: “नाना, तुम्ही बसा, आम्ही करतो.” बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात असंच झालं. नानांचे गुडघे धरले, जिना उभा. मग दूध मुलगा आणू लागला, भाजी सून. सुरसागर तलावाची फेरी सुटली. दोन महिन्यांत रोजची दाढी आठवड्यावर गेली, पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. तक्रार एकच: गुडघे दुखतात, भूक नाही. घरच्यांना वाटलं, नाना शांत झाले. म्हातारपणी नैराश्य बहुधा असंच येतं. “मी उदास आहे” असं कोणी सांगत नाही. बसून मांड्यांची ताकद जाते, उठणं जड होतं, मग बाहेर पडायची इच्छाच मरते. तिथे जिन्याला कठडा बसला, फिजिओथेरपी सुरू झाली, नैराश्याचं औषध चालू झालं आणि दुधाची पिशवी पुन्हा नानांच्या हातात आली.

काम काढून घेऊ नका, छोटं करून द्या. हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला 15 सेकंदांहून जास्त लागले, तर पाय कमजोर झालेत असं समजा. आंघोळ, कपडे, संडास, जेवण, यांत मदत कधीपासून लागते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना “बरं नसतं” यापेक्षा ती जास्त कामाची.

दुसरी चूक, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेली झोपेची गोळी. अशा गोळ्यांतल्या अल्प्राझोलामने तोल जातो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं. महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. दहाव्या दिवशी “फरक नाही” म्हणून बंद करणाऱ्यांची घाई पेशंटला महागात पडते. सोबत बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, ते तपासून घ्या.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 न पाहता “मनाचं आहे” म्हणू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं.

ऐकू कमी येणारा माणूसही गप्प होतो. कान तपासा.

“आता जगून काय करायचं” हे वाक्य “असं बोलू नये” म्हणून उडवून लावू नका. शेजारी बसा, जीव द्यावासा वाटतो का ते सरळ विचारा. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा उचलून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.