नीरफणसाचं रोप: आधी वाळूत, मग बाटलीत

नीरफणसाची कापं खाताना दाताखाली बी येत नाही. कोकण-गोव्यात लावतात ती जातच बिनबियांची, म्हणून नवं झाड करायचं तर मुळाकडे जावं लागतं. कुदळ लागलेल्या मुळाला आपोआप धुमारा फुटतो. आपण तेच मुद्दाम घडवायचं.

फळं संपली की बुंध्यापासून लांबची माती हळूच उकरा. 2 ते 5 सेंमी जाडीचं निरोगी मूळ घ्या. एका झाडाची एक-दोन मुळं पुरे, हाव नको. 15-20 सेंमीचे तुकडे करा, चीक धुवा, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा आणि सावलीत ओलसर वाळूत आडवे पुरा. वर दोन बोटं वाळू. पाणी साचलं की तुकडा कुजलाच समजा.

काही आठवड्यांत कोंब दिसतो आणि इथेच लोक फसतात. ती पानं तुकड्यातल्या साठ्यावर जगत असतात. नवी मुळं यायला काही महिने जातात. उपटून बघू नका. रोप वीतभर झालं की पिशवीत हलवा.

परसात दोन झाडं हवी असतील तर एवढं बास. हजारो रोपं हवी असतील, तरच टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत निर्जंतुक वातावरणात रोपं वाढवणं. त्यातही मातीतलं मूळ थेट बाटलीत घालू नये. त्याच्या सालीत बुरशी-जिवाणू मुरलेले असतात, बाटली लगेच बिघडते. त्यापेक्षा वाळूत फुटलेल्या कोंबाचा शेंडा घ्या. वाहत्या पाण्याखाली धुवा, सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं ठेवा, मग लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या, जंतुविरहित हवेच्या कपाटात) निर्जंतुक पाण्याने तीनदा खळबळा.

माध्यम, म्हणजे बाटलीतलं रोपाचं अन्न, नेहमीचंच, 1962 साली मुराशिगे आणि स्कूग यांनी दिलेलं 'एमएस'. लिटरला 30 ग्रॅम साखर, घट्टपणासाठी 7-8 ग्रॅम अगार, सामू 5.8, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंशांवर 15-20 मिनिटं. फुटवे वाढवायला बीएपी, नंतर मुळांसाठी आयबीए, ही दोन्ही वाढ-संप्रेरकं. तापमान 25 अंशांच्या आसपास, उजेड 16 तास. कापल्या जागेमुळे माध्यम काळपट होऊ लागलं, तर शेंडा लगेच ताज्या माध्यमात हलवा.

बाहेर काढताना मुळांवरचं अगार पूर्ण धुवा, त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर जेमतेमच असतो, ती बाहेर पटकन सुकतात, म्हणून रोपावर प्लास्टिकची पिशवी घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी तिला एकेक भोक पाडत जा.